वचनाच्या मागचं-पुढचं

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वॉचनाइटची उपासना असते. साडेदहाला गीतं, मग साक्षी, मग पाळकांचा संदेश, आणि बाराच्या ठोक्याला सगळी मंडळी गुडघ्यांवर. प्रार्थना संपली की एक परडी फिरते. परडीत पुठ्ठ्याची छोटी कार्डं, प्रत्येकावर बायबलमधलं एक वचन. डोळे मिटून हात घालायचा आणि जे कार्ड येईल ते आपलं वर्षाचं अभिवचन मानायचं. ही कार्डं लिहिण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं आणि मी ते मनापासून करत आलो.

एका वर्षी मंडळीतल्या एका भावाच्या हाताला यिर्मया २९:११ लागलं, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या २९व्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं सांगणारं ते वचन. नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कारखान्यात तो बारा वर्षं होता, तिथून त्याला दिवाळीनंतर कमी केलं होतं. त्याने कार्ड मला दाखवलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बघ, या वर्षी होणार."

तीन वर्षांनी गुरुवारच्या बायबल वर्गात त्याने पाकिटातून तेच कार्ड काढलं. कडा मऊ पडल्या होत्या, माझी शाई पसरली होती. आवाजात तक्रार नव्हती. "दादा, कोणतं वर्ष?" एवढंच त्याने विचारलं.

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री घरी येऊन २९वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. आधी वाचला नव्हता असं नाही, पण अकराव्या वचनाकडे जाताना रस्त्यात लागणारी गावं जशी आपण खिडकीतून पाहतो, तसा वाचला होता. हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने पाठवलेलं. पत्र सांगतं: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. म्हणजे इथे बराच काळ राहायचं आहे. दहाव्या वचनात तो काळ स्पष्ट सांगितलेला आहे: ७० वर्षं. ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या बहुतेकांना परत जायला मिळणार नव्हतं. हिताचे संकल्प होते ते त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचणारे होते.

मग मागे जाऊन २८वा अध्याय वाचला. तिथे गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना ते किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. पण परमेश्वराने तसं सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं की सत्तर, या वादातून ते अकरावं वचन जन्माला आलेलं आहे. मी परडीजवळ उभा राहून हनन्याचं काम केलं होतं, आणि तेही यिर्मयाचे शब्द वापरून.

म्हणून आज हे लिहितो आहे. आपल्या मंडळ्यांत वचन सुटं करून वाटण्याची जी सवय पडली आहे ती मोडायला हवी, आणि तिच्या जागी उतारा, अध्याय, पुस्तक सलग वाचण्याची सवय लावायला हवी. नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या मंडळ्यांपुढे मी हा प्रश्न ठेवतो आहे. सुटं केलेलं वचन आपल्याला जे हवं असतं तेच बोलतं. पूर्ण उतारा आपल्याला नको असलेलंही बोलतो, आणि शिष्यत्वाची सुरुवात त्या नको असलेल्यापाशी होते. कार्ड असो, कॅलेंडर असो, सकाळी मोबाइलवर आलेलं फुलांच्या चित्रावरचं वचन असो, त्यांत वचनाच्या आधी काय होतं आणि नंतर काय आहे हे दिसतच नाही.

वचनांचे आकडे बायबलमध्ये मुळात नाहीत, हे वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने दिले. जागा चटकन सापडावी म्हणून केलेली ती सोय. घराला नंबर दिला म्हणून गल्ली नाहीशी होत नाही. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, पत्र लिहिलं तेव्हा ते मंडळीत उभं राहून एका बैठकीत वाचलं गेलं असणार. त्यातलं ४:१३, 'मी सर्व काही करू शकतो', दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांच्या कंपासपेटीत आपण ठेवतो. पण त्याच्या आधीच्या दोन ओळींत पौल, जो बंदिवासात आहे, सांगतो की मी पोट भरलेलं असतानाही राहायला शिकलो आहे आणि उपाशीही राहायला शिकलो आहे. 'सर्व काही' म्हणजे काय, ते तिथे आहे. नापास झालेल्या मुलाला त्या वचनाची जास्त गरज आहे, आणि नेमकं त्याच्या हातातून आपण ते काढून घेतो.

इथवर कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? थोडा दिलासा जास्त मिळाला, इतकंच. दिलाशाचं एक वेळ सोडून देऊ. पण सुटं वचन मारायलाही वापरलं जातं, आणि ते मी पाहिलं आहे.

अनेक वर्षांपूर्वी एक बहीण, गालावर काळंनिळं उमटलेलं, एका वडीलधाऱ्या माणसाकडे सल्ला मागायला गेली. मी तिथे होतो. त्यांनी बायबल उघडलं आणि पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं २२वं वचन वाचलं: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. बायबल मिटलं. प्रार्थना केली. ती उठून त्याच घरी गेली. मी तेव्हा तरुण होतो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं आजही माझ्या मनातून जात नाही.

त्या वचनाच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक वर्ग घेणाऱ्याने मंडळीला सांगायला हवी. मूळ ग्रीकमध्ये, सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत, २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. 'अधीन असा' हे शब्द ते २१व्या वचनातून उसने घेतं, आणि २१वं वचन म्हणतं: ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. म्हणजे बाविसावं वचन एकविसाव्यापासून तोडलं तर ते वाक्य म्हणूनसुद्धा उभं राहत नाही. आणि पुढे तीन वचनांवर नवऱ्यांना सांगितलं आहे की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचा जीव दिला तसं बायकोवर प्रेम करा. बायकांना एक-दोन ओळींत सांगून झालं, नवऱ्यांशी पौल बराच वेळ बोलत राहतो. ते वडीलधारे गृहस्थ आणखी दोन मिनिटं वाचत राहिले असते तर त्यांना उठून त्या नवऱ्याच्या घरी जावं लागलं असतं. त्यांनी बायबल वेळेत मिटलं.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. १८०७ साली लंडनमध्ये, वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी म्हणून, बायबलचे निवडक भाग छापून काढले होते. जुन्या कराराचा जवळपास नऊ-दशांश भाग आणि नव्या कराराचा निम्मा भाग त्यात गाळलेला होता. मिसरातून गुलामांची सुटका झाली ती हकिकत गेली. दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्तात सगळे एक, हे गलतीकरांना लिहिलेलं वचन गेलं. दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा, हे मात्र राहिलं. तिथे कात्री कागदाला लावली होती. आपण वाचताना लावतो, एवढाच फरक.

आणि नाशिककरांनी ही गोष्ट विसरू नये, कारण आपल्या शरणपूरचा तिच्याशी संबंध आहे. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, नावातला 'शरण' कोणाला ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या त्या गावात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुलं आणून ठेवली होती. ती इथे शिकली, लिहा-वाचायला लागली. पुढे आफ्रिकेत त्यांना 'नाशिकची मुलं' म्हणूनच ओळखत. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली प्रसिद्ध मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत चितांबोच्या गावात वारले तेव्हा त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं गेलं. तिथे अंत्यविधीची उपासना वाचली ती जेकबने, झाडावर नाव कोरलं तेही त्याने. शवपेटीबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८७४च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत ती वाहणाऱ्यांत तो होता. ज्याला कोणीतरी विकलं होतं, तो नाशिकला वाचायला शिकला आणि वाचणारा झाला.

त्याची आठवण ठेवून आम्ही वर्गात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घेतलं. पंचवीस वचनं, मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं. त्यात कार्डावर लिहिण्यासारखं वचन जवळजवळ नाही, म्हणूनच बहुधा ते कोणी वाचत नाही. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दूर पौलाकडे आला आहे, पौल त्याला परत पाठवतो आहे आणि धन्याला सांगतो आहे की याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे. काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. हुकूम सोडू शकतो, पण विनंती करतो आहे, असंही म्हणतो. आणि हे पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेलं आहे! म्हणजे सगळ्यांदेखत. वाचून झाल्यावर वर्गात पहिला प्रश्न आला तो असा: आपल्या घरी धुणंभांडं करायला येणारी बाई कोणत्या कपातून चहा पिते? प्रश्न विचारणारी मुलगी कॉलेजात शिकणारी. कोणी काही बोललं नाही. त्या शांततेचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

सलग वाचनाला मुख्य आक्षेप येतो तो आजीच्या नावाने. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, एका वचनावर तिने सगळं आयुष्य काढलं, तुमचे हे मागचे-पुढचे संदर्भ तिला कुठे माहीत होते? आक्षेप प्रेमातून येतो, त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवं. माझीही आजी निरक्षर होती. पण तिला २३वं स्तोत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ होतं, ५१वं होतं, उधळ्या मुलाची गोष्ट ती एकही तपशील न गाळता सांगायची, मोठ्या भावाच्या रागासकट. आपण वाचता येणारी माणसं ती गोष्ट बापाच्या मिठीपाशी संपवतो, आजी संपवत नसे. एका वचनावर जगलेली आजी एका वचनावर जगलेली नव्हती. ते एक वचन तिच्यासाठी अख्ख्या घराचं दार होतं.

आणि सलग वाचणं हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. आपण ज्या मातीत राहतो तिथे पारायण हा शब्द घराघरांत आहे. शेजारी सप्ताह बसतो तेव्हा ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचला जातो. मधलीच एक ओवी काढून 'हे तुझं या वर्षाचं' असं कोणी म्हणत नाही. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन-दोन तास त्याच्या एकेका चरणाचं निरूपण करतो, मध्ये कितीही दाखले आले तरी परत त्या चरणावर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी हे ओळखलं होतं. नगरकडे तेव्हाच ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली. आज कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती मेळाव्यांच्या, मंचावर एका तासात बावीस वचनं बावीस ठिकाणांहून फेकली जातात आणि ऐकणारा पानं उलटता उलटता दमून जातो. त्यापेक्षा एका दाखल्याचं निरूपण करा. आपल्या लोकांना ते ऐकायची सवय आहे.

रेव्हरंड टिळकांचंच घ्या. नाशिकला संस्कृत शिकलेले, इथून जवळच्या जलालपूरच्या मुलीशी लग्न झालेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे वळले ते रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारामुळे. हातात आलेलं पुस्तक त्यांनी खुणा करत वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. मत्तयाचे ते तीन अध्याय, ५ ते ७, सलग. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैऱ्यावर प्रीती करा, हे एकच वाक्य त्यांना कोणी पुठ्ठ्यावर लिहून दिलं असतं तर एवढ्या मोठ्या विद्वानाने ते चांगला सुविचार म्हणून बाजूला ठेवलं असतं, असं मला वाटतं.

आता लागूकरणाविषयी, म्हणजे वचन जगण्याला लावण्याविषयी. बायबल वर्गाच्या शेवटी 'यातून आपण काय शिकतो' असा एक प्रश्न असतो आणि त्याची उत्तरं ठरलेली असतात: प्रार्थना वाढवावी, विश्वास वाढवावा, उपासनेला वेळेवर यावं. कोणत्याही उताऱ्याला चालतील अशी उत्तरं. उतारा नीट वाचला की अशी उत्तरं देताच येत नाहीत, कारण उतारा स्वतःच कुठेतरी बोट ठेवतो.

महिन्यातून एकदा मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वस्तीवर वर्गाला जातो. सगळी द्राक्षबागांतली माणसं. योहानाचा १५वा अध्याय तिथे घेतला तेव्हा मला शिकवायला फारसं काही उरलं नाही. 'मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे' इतकं वाचल्याबरोबर एकाने विचारलं, छाटणी कुठली, एप्रिलची की ऑक्टोबरची? मी गप्पच झालो. मग त्याने समजावून सांगितलं: एप्रिलची खरड छाटणी नवी काडी तयार व्हावी म्हणून, तेव्हा वेल बोडका दिसतो आणि नवख्याला वाटतं बाग मेली, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. पुढे फेलफुटी काढायच्या, घडांची विरळणी करायची. "चांगल्या काडीलाच जास्त वेळा हात लागतो," तो म्हणाला. "वाळलेलीला कोण हात लावतो, ती एकदाच तोडायची."

मी माझ्याकडची एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या वचनात बाप फळ देणाऱ्या फाट्याला साफसूफ करतो असं आहे, आणि तिसऱ्यात येशू म्हणतो की माझ्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. ग्रीकमध्ये ते एकाच मुळाचे आहेत. म्हणजे छाटणी कशाने होते, तर वचनाने. त्या माणसाने आपल्या हाताकडे पाहिलं, रोज कात्री धरून अंगठ्याशी घट्टा पडलेला. कात्री हातात घेऊन फिरणाऱ्या माणसांना ते सांगणं मला फार सोपं गेलं. शहरात हेच मी दहा वेळा सांगितलं आहे आणि दहाही वेळा ते हवेत राहिलं.

त्याच वस्तीवर पुढच्या महिन्यात मत्तयाचा २०वा अध्याय होता, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पाचला कामावर घेतलेले मजूर, सगळ्यांना सारखी मजुरी. मी देवाच्या कृपेविषयी बोललो. तोच त्या दाखल्याचा गाभा आहे आणि मी त्यात बदल करणार नाही. बोलून झाल्यावर पेठ तालुक्याकडून हंगामाला आलेली एक बाई, मांडीवर मूल, हळूच म्हणाली, "भाऊ, मालकानं सांज झाल्याबरोबर मजुरी दिली ना? त्याच दिवशी?"

मी आठवं वचन परत वाचलं. संध्याकाळ झाल्यावर मळ्याचा धनी कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. हो, त्याच दिवशी. मग जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २४वा अध्याय काढला: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मग याकोबाच्या पत्राचा पाचवा: तुमच्या शेतांत कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. मी दाखला अनेकदा शिकवला होता, पण आठव्या वचनातली ती संध्याकाळ मला कधी दिसली नव्हती, कारण माझा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होत आला. तिला दिसली. एकरी उक्तं काम घेतलेल्या तिच्या टोळीचे पैसे तीन आठवडे थकले होते.

ज्याच्याकडे थकले होते तो त्याच सतरंजीवर बसला होता. तो वाईट माणूस नाही. त्याचे स्वतःचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले होते. माल उचलून पैसे न देता गायब होणारे व्यापारी नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदारांना नवे नाहीत. हे त्याने सांगितलं आणि ते खरं होतं. पण उतारा तिथेच होता, त्या बाईच्या आणि त्याच्या मधोमध. मी घाईने प्रार्थना करून वर्ग संपवला असता तर सगळ्यांची सुटका झाली असती. आम्ही नुसतं बसून राहिलो. पुढच्या वर्गाला तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्गाला आला आणि म्हणाला की सोसायटीकडून उचल घेऊन टोळीचे पैसे दिले, आता व्याज भरतोय. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी 'हालेलूया' म्हटलं नाही. बाई म्हणाली, "पुढचं वाचा."

मला जे म्हणायचं आहे ते या एका प्रसंगात आलं आहे. उतारा एकट्याने वाचला तर आपण आपल्या जागेवरूनच वाचतो. मजूर, मालक, नोकरदार, सासू, सून एका सतरंजीवर बसून तोच उतारा वाचतात तेव्हा एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. म्हणून बायबल वर्ग घरात एकट्याने करण्याचा विषय नाही, आणि सुशिक्षितांचा वेगळा, वस्तीवरचा वेगळा, असाही तो असू नये.

अर्थ लावणं पाळकांचं काम आहे, सामान्यांनी वाचायला घेतलं तर भलतेच अर्थ निघतील, अशी भीती काही जणांना वाटते. भीती पूर्ण खोटी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, रथात बसून यशयाचं पुस्तक वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याला शुभवर्तमान सांगणाऱ्या फिलिप्पाने विचारलं, वाचता ते समजतं का? तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? सांगणारा लागतो. इतिहास माहीत असलेला, ग्रीक-हिब्रू थोडंतरी जाणणारा पाळक ही मंडळीची मोठी गरज आहे आणि त्याला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून मंडळीने त्याच्यावरची लग्नं, वाढदिवस आणि कमिटीच्या बैठकांची ओझी कमी करायला हवीत. पण फिलिप्प रथात शेजारी बसला आणि ज्या शास्त्रभागावर तो माणूस अडला होता तिथपासून त्याने सुरुवात केली. बिरुया गावातले लोक तर खुद्द पौल सांगत असतानाही रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत होते आणि त्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच केलेलं आहे. भलते अर्थ निघतात ते बहुतेक वेळा तोडलेल्या वचनांतून. दहा माणसं सलग तीन अध्याय वाचत असतील तर भलता अर्थ फार काळ टिकत नाही, पुढचंच वचन त्याला अडवतं.

भाषेचा प्रश्नही आहे. आमच्या तरुण संघातली निम्मी मुलं मोबाइलवर इंग्रजी बायबल उघडतात आणि मराठी कठीण वाटतं म्हणतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली निधन होईपर्यंत बायबलच्या भाषांतरात गुंतलेल्या होत्या, ते साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल हातात असावं म्हणून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साधनं आहेत. ज्या भाषेत आपण भांडतो, उधारी मागतो, मुलांना रागावतो, त्या भाषेत वाचलेलं वचन लागतं. त्या पेठच्या बाईचा प्रश्न दुसऱ्या कोणत्या भाषेत आला असता, असं मला वाटत नाही.

पुन्हा यिर्मयाकडे येतो. २९व्या अध्यायाचं सातवं वचन सांगतं की ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. हिब्रूत तिथे शालोम हा शब्द आहे. अकराव्या वचनात देवाचे जे 'हिताचे' संकल्प आहेत तिथेही तोच शब्द आहे. म्हणजे माझ्या कार्डावरचं हित हे नगराच्या हितापासून वेगळं मिळणारं हित नव्हतंच. आमच्या मंडळीच्या प्रार्थना-विषयांची वही मी त्यानंतर चाळली. परीक्षा, नोकरी, व्हिसा, ऑपरेशन, लग्न. गोदावरी नाही. सातपूर-अंबडचे बंद पडलेले शेड नाहीत. सिंहस्थासाठी शहर खोदून ठेवलेलं आहे, हातगाडीवाले हलवले जात आहेत, लाखो यात्रेकरू येणार आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ नाही. बाबेलच्या देवळांच्या सावलीत राहणाऱ्यांना देवाने जे सांगितलं ते रामकुंडापासून दोन मैलांवर राहणाऱ्या आम्हाला लागू नाही का? त्या शहराच्या पाण्यासाठी, त्याच्या शांतीसाठी, तिथे झाडू मारणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी प्रार्थना करणं आणि हात लावणं, हे अकराव्या वचनाचंच लागूकरण आहे.

या वर्षी मी कार्डं लिहिणार नाही असं कमिटीला सांगितलं. बरीच चर्चा झाली. लोकांना परडी आवडते, मुलं वाट पाहतात, एवढ्यासाठी जुनी प्रथा मोडायची का, असं दोघा-तिघांनी विचारलं. त्यांचं मन मला कळतं. शेवटी असं ठरलं की परडी राहील, पण तिच्यात वचनांऐवजी पुस्तकांची नावं असतील: मार्क, रूथ, आमोस, याकोब, फिलेमोन. ज्याला जे नाव येईल ते पुस्तक त्याने वर्षभरात घरच्यांबरोबर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचं. मार्कचं शुभवर्तमान ज्याला येईल त्याला सगळ्यांत सोपं जाईल, सोळा अध्याय, दीड-दोन तासांत वाचून होतं.

आणि त्या रात्री संदेशाच्या आधी यिर्मयाचे दोन अध्याय पूर्ण वाचायचे आहेत. सातपूरच्या त्या भावाला मी विचारलं. तो आता अंबडला ठेकेदाराकडे कामाला आहे, पहिल्यापेक्षा कमी पगारावर. थोडा वेळ थांबून तो हो म्हणाला. २८वा तो वाचणार आहे, हनन्याचा. २९वा मी.